उंदरांच्या शेपट्या आणि आमचे भावोजी

उंदरांचे तळतळाट कुणा एका माणसाला लागायचे असतील, तर ते माझ्या धाकट्या दिरांनाच लागायला हवेत. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत ते उंदरांना दुखणं मारणारं मॉर्फिन टोचत, त्यांच्या शेपट्या गरम पाण्यात बुडवत आणि शेपटी कधी झटकली जाते ते घड्याळ लावून बघत. लग्न केलं नाही. उंदरांच्या वेळा सांभाळणारी कोण मिळणार? सुटीत रत्नागिरीला आले तरी घड्याळ खिशात. एकदा माझा भाऊ भेटीला आला, तर यांनी त्याचं बोट वाफाळत्या पेजेत बुडवून प्रेमानं विचारलं, "अजून नाही दुखलं?" भाऊ जो गेला, तो पुढच्या दिवाळीलाही फिरकला नाही.

ऐंशीच्या दशकात सासूबाईंच्या हाडांत कॅन्सर उतरला. डॉक्टर मॉर्फिन वाढवत गेले, आणि त्या जास्तच कळवळू लागल्या. पाय चेपायला गेलं की, "हात नको लावूस गो, आग होते!" मासिकांतल्या खाष्ट सासवांवर पोसलेली मी महामूर्ख, मला वाटलं, मरतानाही हिला सुनेचा हात खुपतोय! न्हाणीघरात जाऊन रडले, तेही आरशात बघून. चादरही त्यांना तेवढीच खुपत होती, पण ती काही रडायला गेली नाही. आता माझ्या नाती हे ऐकून पोट धरून हसतात.

भावोजी आले. आईच्या पायावरून त्यांनी नुसता कापूस फिरवला, तर त्या किंचाळल्या. "वहिनी, हे औषधानंच होतंय. माझे उंदीरही असेच हुळहुळे होतात. पाठीच्या कण्यात न्यूरोपेप्टाइड नावाची रसायनं असतात. काही दुखणं भडकवतात, काही विझवतात. विझवणारं नेमकं कण्यात सोडता आलं, तर ही आग कदाचित उतरेल."

"मग सोडा की!"

"अजून उंदरांतही धड जमलेलं नाही."

"मग इतकी वर्षं काय शेपट्याच बघत बसलात?"

भावोजींनी डॉक्टरांशी भांडून मॉर्फिन तेवढं कमी करवलं. कातडीची आग उतरली, पण हाडांतलं दुखणं उसळलं. पुन्हा वाढवू का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा सासूबाई लेकाला म्हणाल्या, "नको रे मेल्या. दुखू दे. पण जवळ बसा, हात धरा माझा."

"उंदरांना काय हवंय, हे कधी विचारलंच नाही," भावोजी पुटपुटले.

अखेरपर्यंत सासूबाईंचा एक हात लेकाच्या हातात होता, एक माझ्या. कळ आली की असा आवळायच्या, की माझ्या बांगड्या मनगटात रुतत.

पुढे दर सुटीत मी भावोजींना विचारायचे, "सापडलं का हो काही?" आधी टोमणा म्हणून. नंतर नंतर, त्यांना ते कुणीतरी विचारावं म्हणून.