मधमावशीचं बोट

मधमावशी माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, तोंडात बघत असे. आपण काहीतरी महत्त्वाचं सांगत असावं, तर हिचं लक्ष आपल्या जिभेवर. आमच्या मामंजींना एकदा भर ओटीवर म्हणाली, "भावजी, पोट साफ होत नाय वाटतं." तेव्हापासून मामंजी तिच्यासमोर ओठ मिटून हसायचे.

ती मूळची वरंधकडची. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही, म्हणून महाडला येऊन आमच्या आळीच्या टोकाला एका खोलीत राहायची. कुणाच्या पोराचं तोंड आलं, की भाजलेल्या टाकणखाराची पूड मधात खलून ती उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने पोराच्या जिभेवर फिरवायची. आता डॉक्टर टाकणखाराचं नाव काढू देत नाहीत, तान्ह्याला मधही नको म्हणतात. साठ सालाच्या आसपास आम्हाला ते कोण सांगणार! पोर कडकडून चावायचं आणि ही हसायची. "चाव रे, चाव. दात आले का नाय तेपण कळेल." पोलादपूरपासून बाया पोरं घेऊन तिच्याकडे यायच्या. तिला दुसरा संसारच नव्हता; ते बोट हाच तिचा संसार होता.

माझ्या थोरलीला ताप आला, हिरड्या लालभडक सुजल्या, तोंड फोडांनी भरलं. दूध गिळेना. मावशी रोज यायची. पोरगी बरी झाली आणि पुढच्याच आठवड्यात मावशीचं बोट नखाच्या कडेला ठणकू लागलं. "इंगळ ठेवल्यागत होतंय गो," म्हणायची. सगळी आळी म्हणाली, नखुरडं. लिंबाला भोक पाडून बोटात घातलं. कांदा भाजून पोटीस बांधलं. मावशीचा नियम ठरलेला होता, "कच्चं चिरू नये, पिकलं ठेवू नये." म्हणून ती पिकायची वाट बघत बसली. ते काही पिकेना.

शेवटी ठणका सोसेना, तेव्हा तिने एका कंपाउंडरकडून बोट चिरून घेतलं. पू आलाच नाही. थोडं पाणी आलं आणि मग नुसतं रक्त. त्यानंतर बोट दुप्पट सुजलं, काखेत अवधाणाची गाठ आली. दुसऱ्यांची पोरं गप्प करणारी ही बाई भिंतीला डोकं टेकून कण्हत होती, आणि मी शेजारी बसून वारा घालण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. फार वाईट दिवस होते ते.

मी तिला बाजारपेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बोट उजेडात धरून निरखलं. "नखुरड्यात पू साठतो. हे बघा, पाण्याचे बारीक फोड घोसाने आलेत. तापानंतर ओठावर फोड उठतात ना, ज्याला 'जर' म्हणतात, तीच ही जात. कुणा पोराचं तोंड आलं होतं का?"

मावशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पोरांची तोंडं येतातच," एवढंच म्हणाली.

"चिरायचं नाही, फोडायचं नाही. कोरडं ठेवा, स्वच्छ फडकं बांधा. दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुकेल. तोवर ते बोट कुणाच्या तोंडाला, डोळ्याला लावू नका. तान्ह्या बाळाला तर मुळीच नाही. त्याच्या जिवावर बेतेल."

"आन अवषद?"

"यावर औषध नाही. आणि हे पुन्हा उठू शकतं."

"मग डाक्टर कशाला झालात?" मावशी म्हणाली. डॉक्टर रागावले नाहीत, मान खाली घालून हात धूत राहिले.

बोट सुकलं. पण ताप आला की पुन्हा उठायचं. आधी मुंग्या यायच्या, मग फोड. सुकल्यावर हात लावायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी सांगूनही मावशीने तो धंदाच सोडला. बाया म्हणू लागल्या, मावशी शेफारली. मी भांडले त्यांच्याशी. पण धडधाकट दिसणाऱ्या बोटाचं दुखणं कुणाला कसं पटवायचं?

मग माझा धाकटा झाला. महिन्याच्या आतच त्याच्या जिभेवर पांढरं साचलं आणि त्याने अंगावर प्यायचं सोडलं. मी मावशीला बोलावणं धाडलं. ती आली, दारातच उभी राहिली. उजवा हात पदराखाली.

"मावशी, बोट बरं आहे ना आता?"

"दिसतंय बरं. पण सकाळधरनं मुंग्या हायत गो. तूच लाव. मी सांगते."

मी मधात बोट बुडवलं. ते नेमकं त्याच्या टाळूलाच लागलं. पोर काळंनिळं होऊन किंचाळलं. "हलक्या हातानं... टाळूला नको, जिभंवर... तसं नाय गो, तसं नाय!" बोलता बोलता तिचा पदराखालचा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला आणि तिने तो दुसऱ्या हाताने घट्ट धरून मागे ओढला. मग ती रडायलाच लागली.

मांडीवर एक रडत होतं, दारात एक. आणि मला दोघांपैकी कुणालाच गप्प करता येत नव्हतं.