धुतलेली डबी

बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन आहे. हगवण लागून आलेल्या लेकरांची शी डबीत घ्यायची आणि बर्फाच्या पेटीतून शहरात पाठवायची. कोणता विषाणू आहे ते तिथं शोधतात. वॉर्डातली माणसं मला 'घाण गोळा करणारे साहेब' म्हणतात. म्हणोत बापडी.

सिरसाळ्याकडची, ऊसतोडीला जाणारी एक बाई वर्षाची पोरगी घेऊन आली. सलाईन लावल्यावर पोरगी जरा डोळे उघडायला लागली. मी आईच्या हातात डबी दिली. दुपारी तिनं ती परत आणली, तर आत काहीच नाही. नळावर मातीनं घासून लख्ख केलेली, वर पदरानं पुसलेली.

"भरलती साहेब," ती म्हणाली. "पर आसली घाण तुमच्या हातात कशी द्यावी? धुऊन आनली."

दुसऱ्याचं भांडं खरकटं परत करणं आमच्याकडं वाईट समजतात. हे मला कळायला हवं होतं, पण माझं डोकंच फिरलं. "सगळं वाया घालवलंस!" अख्ख्या वॉर्डासमोर मी तिला झापलं. ती खाली मान घालून उभी राहिली. संध्याकाळी तिनं दुसरी डबी भरून आणली, दोन्ही हातांत धरून. मी ती घेऊन बर्फाच्या पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिच्या ऊसतोड टोळीचा ट्रक निघणार होता. पोरगी बरी दिसत होती, तिला सुट्टी मिळाली.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. विषाणू सापडला होता. नमुना फुकट गेला नाही म्हणून मला केवढा आनंद झाला! आज त्याची लाज वाटते. फॉर्मवर टोळीच्या मुकादमाचा नंबर होता, तो लावला. त्यानं फोन तिच्याकडं दिला.

"पोरगी कशी आहे?"

"न्हाई राहिली साहेब. उसाच्या फडावर आलो आन् दोन दिसात पुन्हा लागली. पानी पाजलं की जास्त व्हतंय म्हून पानी बंद केलतं." मग तिनं विचारलं, "मी डबी धुतली म्हून झालं का वो?"

नाही म्हणालो. दोनतीनदा म्हणालो. तिला पटलं नाही. ओरडणारा मीच होतो ना! त्या विषाणूवर औषध नाही. अहवाल आधी आला असता तरी त्यानं पोरगी वाचली नसती. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, बंद करू नकोस, एवढंच कुणीतरी तिला बजावायला हवं होतं. डॉक्टर सांगतील, नर्स सांगेल, म्हणून मी गप्प बसलो. डबीवरून ओरडायला मात्र मला भरपूर वेळ होता.