न गळलेली पिसं

एदलाबादजवळच्या एका खेड्यात तोताराम पाटलाची केळीची बाग होती. केळीतलं त्याला कोणी शिकवायला जाऊ नये. कोंबड्यांतलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं, आणि नवल म्हणजे, कळत नाही हेही त्याला ठाऊक नव्हतं.

कोंबडा त्याच्या बायकोचा, झुंबरबाईचा. स्वातंत्र्यानंतर भुसावळचा एक गोरा इंजिन ड्रायव्हर देश सोडून निघाला, तेव्हा त्याने लांब शेपटीच्या जातीची अंडी तिच्या भावाला दिली. तिने ती घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. त्यातला एकच नर जगला. तिसऱ्या वर्षी त्याची शेपटी उंच दांडीवरून पार जमिनीला टेकायला आली. गाव हसायचं, "पाटलीणबाईंनी कोंबड्याला पदर लावला." हसायचं, पण बघायलाही यायचं.

झुंबरबाईला मूलबाळ नव्हतं. सगळे तिला तोतारामची बायको म्हणूनच ओळखायचे. हिवाळ्यात जळगावला शेतकी प्रदर्शन भरणार होतं. तिथं कोंबड्याबरोबर आपलं नाव पुकारलं जावं, एवढीच बाईची हौस. नवऱ्याकडे तिने जन्मात दुसरं काही मागितलं नव्हतं.

भाद्रपदात कोंबड्याची पिसं गळू लागली. भावाने तिला बजावून ठेवलं होतं: दरसाल काही पिसं गळतात, नवी येतात, पण शेपटीतली काही लांब पिसं गळतच नाहीत, वर्षानुवर्षं वाढत राहतात. त्यांना हात लावायचा नाही. झुंबरबाईने हे नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगितलं आणि भावजयीच्या बाळंतपणाला माहेरी, दोंडाईच्याला गेली. तोतारामने "हो, हो" केलं. ऐकतो कोण!

इकडे रोज कोंबडा पाहून त्याचा जीव खालीवर व्हायचा. अर्धी शेपटी झडलेली, उरलेली पिसं मळकट, लोंबती. आता प्रदर्शनाचं कसं व्हायचं? केळीची वाळली पानं काढली की झाड मोकळं होतं, हे त्याला पाठ. बायको येईपर्यंत नवी शेपटी फुटेल म्हणून या भल्या माणसाने कोंबडा बगलेत धरला आणि लोंबती पिसं एकेक करून उपटली. सोबत नव्या पिसांचे कोवळे कोंबही निघाले. त्यांतून रक्त आलं, तेव्हा कुठे त्याचा हात थांबला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शेपटी आली ती वीतभर, तीही वाकडी. प्रदर्शन आलं नि गेलं.

झुंबरबाई माहेरून आली तेव्हाच तिने कोंबडा चाचपून पाहिला होता. मग नवऱ्याकडे पाहिलं आणि चूल पेटवायला गेली. शेजारच्या भागाबाईने शेपटीचं विचारलं, तेव्हा कोंबड्याच्या जातीवर ढकलून म्हणाली, "तेनी जातच तशी शे." तोताराम ओट्यावर बसून ऐकत होता. हिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण तिने त्याचं नाव कधीच कुणाला सांगितलं नाही.

पुढे कोंबडाही मेला. दर हिवाळ्यात तोताराम म्हणायचा, "चल, तुला जळगावचं प्रदर्शन दाखवून आणतो."

ती म्हणायची, "तुम्ही जा. माझं तठे काय शे?"