जाम बोल्ट

शेलूबाजारच्या माझ्या गॅरेजात मी एका जुन्या जीपचे मागच्या स्प्रिंगचे पाटे काढत होतो. एक बोल्ट गंजून पार जाम झाला होता. मला हे काम शिकवणारे उस्ताद शेजारी खुर्चीत बसले होते. लकव्याने त्यांचा उजवा हात गेला होता.

"ठोकू नको. आधी गरम कर, मंग फिरव," ते म्हणाले.

दोन गिऱ्हाईकं ऐकत होती. मला राग आला. "हात चालत नाही, तं तोंड कायले चालवता?"

गिऱ्हाईकं हसली. मीही हसलो.

उस्ताद कसेबसे उठले. एक चप्पल पायात जाईना, म्हणून ती हातात घेऊन तापलेल्या डांबरावरून निघाले. मी हाक मारली नाही. घण घातला, तर बोल्ट आतच तुटला.

उस्ताद पुन्हा आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो, तो थेट मय्यतीला.