मानेंनी थांबवलेली बॅच

विलास माने गेल्याचं मला सांगलीच्या बसस्टँडवर कळलं. त्यांच्या मुलाचा फोन होता. "मॅडम, आबा गेलं... सकाळी च्या घेतला आन् बसल्या जागीच..." माझी गाडी लागली, सुटली, मी बाकावरच बसून राहिले. त्याला आता दीड महिना झाला. कारखान्यातल्या शोकसभेत एक साहेब म्हणाले, "माणूस गुणी, पण जरा हेकेखोर." मला इतका संताप आला की उठून बाहेर आले. जरा? चांगले हेकेखोर होते! आणि होते म्हणूनच मी हे लिहायला बसले आहे.

कराडजवळच्या आमच्या कारखान्यात इंजेक्शनची पेप्टाइड औषधं बनतात. अमिनो आम्लं एकापुढे एक जोडत साखळी तयार करायची, असं ते काम. तासगावकडचे माने जोडणी विभागाचे शिफ्टप्रमुख होते आणि मी तपासणीच्या प्रयोगशाळेत नवखी. या कामातला खरा वैरी म्हणजे जोडताना एखादं आम्ल उलटणं, डाव्याचं उजवं होणं. घटक तेच, वजन तेच, तरी औषध वेगळं. चपलेच्या जोडासारखं, तराजूला फरक कळत नाही, पायाला कळतो.

एकदा एक बॅच नेहमीच्या चाचणीत पास झाली होती. माने मात्र दारात अडून बसले. "मॅडम, त्येच सॅम्पल एकदा सावकाश चालवून बघा. घाईत एकामागं एक लपत्यात." मी कुरकुरत यंत्रावर सावकाश चालवलं, तर आलेखावर औषधाच्या मोठ्या उंचवट्याशेजारी एक लहान उंचवटा फुटला, उलटलेल्या औषधाचा. आमचे साहेब म्हणाले, "नियमातली चाचणी पहिलीच, ती पास आहे. हा दुसरा कागद कशाला जोडता?" आणि मी... मी तो कागद बाजूला सारून सही करायला निघाले होते. नोकरी नवी होती, भ्याले. सांगायला आजही लाज वाटते.

तेवढ्यात माने पुढे आले. "साहेब, चूक माजी हाय."

शेतातली सावड आमच्या माणसांनी कारखान्यातही आणली होती. शिफ्ट सुटताना जाणाऱ्यानं येणाऱ्यासाठी पुढचं मिश्रण कालवून ठेवायचं, आज तुझं मी, उद्या माझं तू. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. त्या बॅचच्या जोडणीच्या दिवशी विट्याची एसटी रखडली, सोबती तासभर उशिरा आला आणि मानेंनी त्याच्यासाठी मायेनं कालवलेलं हिस्टिडीन, साखळीतलं पुढचं आम्ल, तसंच पडून राहिलं. ते असं पडून राहिलं की उलटायला लागतं.

"कुणी बघितलंय का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"मी बघितलंय की! आवं, सुई टोचून घेणाऱ्याला काय सांगू, कागूद चांगला व्हता म्हणून?"

चूक त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिली आणि माझा दुसरा कागद तिला जोडला. बॅच नष्ट झाली, मानेंची बढती गेली, माझी नोकरी मात्र राहिली. पुढे एकदा मी विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"लय वाटतं. बायकू अजून धड बोलत न्हाई. पर परत तसंच करीन."

गेल्या आठवड्यात उत्पादनाचे नवे साहेब जोडणी विभागातल्या शैलाताईंना म्हणाले, "पुढच्याचं कालवून ठेवा की, वेळ वाचेल." शैलाताई मानेंच्या निवृत्तीनंतर कामाला लागल्या, त्यांनी मानेंना कधी पाहिलेलंसुद्धा नाही. त्यांनी काचेचं भांडं धुतलं आणि टेबलावर पालथं घातलं.

"न्हाई साहेब. आमच्यात भांडं रिकामंच सोपवत्यात."

ही रीत मानेंनी त्या बॅचनंतर घालून दिलेली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी समजुतीचं बोलेन या आशेनं. मी शैलाताईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले.