मोजमापाच्या सिंधूअक्का

सिंधूअक्कांच्या मेडिकलात औषध मागितलं की आधी परीक्षा व्हायची. खोकला असो, डोकेदुखी असो, काउंटरवर खोकं ठेवायच्या, त्यावर तळहात दाबायच्या आणि म्हणायच्या, "वाच." गिऱ्हाईक मोठ्या अक्षरातलं नाव वाचायला लागलं की खोकं उलटं करायच्या. "पुढे फोटो ऱ्हास भाऊ, खरं मांगे ऱ्हास. मांगलं वाच." मग चष्मा नसलेला म्हातारा असो की घाईतला शिक्षक, कितीदा घ्यायचं, किती घ्यायचं, कुणी घ्यायचं नाही, हे सगळं मोठ्यानं वाचल्याशिवाय औषध मिळत नसे. ज्याला वाचता येत नसे त्याला त्या वाचून दाखवत आणि त्याच्याकडून पाठ म्हणवून घेत. असोद्याच्या पलीकडे आमचं गाव, तिथे औषधाचं दुकान हे एकच. त्यामुळे पळून जायची सोय नव्हती.

बाई मूळच्या धुळ्याकडच्या. लग्न होऊन आमच्या केळीच्या मुलखात आल्या त्याला तीस वर्षं झाली, पण बोली बदलली नाही. आम्ही 'आहे' म्हणायचो, त्या 'शे' म्हणायच्या; आम्ही 'माझा', त्या 'मना'. ठेंगणा बांधा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की बसस्टॅंडवरच्या माणसाला आपल्या शेजाऱ्याला कसलं मलम दिलं ते ऐकू जावं. माझी एकदा मूळव्याधीची चौकशी त्यांनी अशीच केली होती. त्यानंतर दोन वर्षं मी औषधं भुसावळहून आणत होतो. दीपनगरला वीजकेंद्रात नोकरी असल्यानं ते जमलंही. तरीही ही बाई आमच्या घरावर जे उपकार करून गेली ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

त्यासाठी आधी माझ्या वडिलांबद्दल, आप्पांबद्दल सांगायला हवं. आप्पा शेतकरी, गळ्यात तुळशीची माळ, उभ्या आयुष्यात अंड्याला हात लावलेला नाही. पण गावात त्यांची ओळख भरितामुळे. चंपाषष्ठीला आमच्या खंडोबाच्या देवळात भरीत-भाकरीचं गावजेवण असतं. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर पोतीच्या पोती वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत घालून मुसळीनं ठेचायची आणि वर मिरची-लसणाची फोडणी द्यायची, हे काम चाळीस वर्षं आप्पांचं. देवाचा नैवेद्य त्यांच्याच हातचा. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, पण दुसरं कुणी बडगीपुढे बसायचं मनातही आणत नसे. आप्पांना या गोष्टीचा किती अभिमान होता ते ते बोलून दाखवत नसत. फक्त चंपाषष्ठीच्या आठवडाभर आधी मुसळीला तेल लावून उन्हात ठेवायचे.

दोन वर्षांपूर्वी आप्पा नावं विसरायला लागले. नातवाला माझ्या नावानं हाक मारायचे, चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधायचे. मी शहाणा मुलगा. मोबाइलवर शोधलं आणि मेंदूसाठी म्हणून कोलीनची पावडर मागवली. बरणीवर चमकत्या मेंदूचं चित्र होतं. दसऱ्याला ती आप्पांच्या हातात दिली आणि म्हटलं, "रोज एक चमचा पाण्यातून घ्या." बस्स. मागचं ना मी वाचलं, ना त्यांनी.

दिवाळी उलटली आणि घरात वास यायला लागला. मासळीचा. आधी बायकोला वाटलं उंदीर मेला असावा. तिनं कोठीघर उपसलं, पलंग हलवले. शेवटी एका दुपारी आप्पांचा सदरा धुवायला घेतला आणि ती माझ्याकडे बघत राहिली. वास आप्पांचाच होता. अंगाला, श्वासाला, घामाला. मासे खाणं म्हणजे गुन्हा नव्हे, दीपनगरला माझ्या डब्याशेजारी रोज मासळीचा डबा उघडतो. पण माळ घातलेल्या माणसाच्या अंगाला तो वास यावा, म्हणजे गावाला महिनाभर पुरेल एवढा विषय झाला. कुणी म्हणालं, आप्पा आठवडेबाजारातून येताना मासळीच्या गल्लीतूनच येतात. येतच होते. तो रस्ता घराला जवळचा होता.

चंपाषष्ठीला पंधरा दिवस असताना देवळाच्या पंचांतले पांडूनाना घरी आले. आप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "आप्पा, या साली तुम्ही आराम करा," म्हणाले. "भरीत पोऱ्हं करतीन. देवाचं काम आहे, लोकं बोलता." नाना गेल्यावर आप्पांनी मला विचारलं, "माह्या अंगाले खरंच वास येतो का रे?" मी "नाही" म्हणालो. इतकं वाईट खोटं मी आयुष्यात बोललो नसेन, कारण ते बोलताना मी दोन पावलं मागे सरकलो होतो.

त्या दिवसापासून आप्पा दिवसातून तीनदा आंघोळ करू लागले. बेसन लावायचे, लिंबाचा पाला उकळून घ्यायचे. मुसळी माळ्यावर टाकून दिली. बाहेर पडणं बंद, देऊळ बंद. आणि काहीतरी मोठा आजार जडलाय असं वाटून अंगात ताकद यावी म्हणून त्यांनी ती पावडर सकाळ-संध्याकाळ घ्यायला सुरुवात केली. हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. उठताना तोल जायचा, घाम फुटायचा. आम्ही म्हणायचो, मनाला लावून घेतलंय.

शेवटी मी लाज गुंडाळून अक्कांच्या दुकानात गेलो आणि वासावर चांगला साबण मागितला. अक्कांनी साबण दिला नाही. गिऱ्हाईकं जाऊ दिली, आणि काय नवल, आवाज खाली आणून विचारलं, "आप्पासाठे ना? कसाना वास येस?" मी सांगितलं. मग अक्का म्हणाल्या, "घर जाय. आप्पा काय काय खातस ते बठ्ठं पिशवीमा भरीसन लई ये. चूर्णबी, काढाबी. काही ठेवू नको."

मी पिशवी नेली. त्यात रक्तदाबाची गोळी होती, त्रिफळा होतं, गुडघ्याचं तेल होतं आणि ती बरणी होती. अक्कांनी बाकी सगळं बाजूला सारलं, बरणी पुढे ओढली आणि म्हणाल्या, "वाच. मांगलं." मी बारीक अक्षरं वाचायला लागलो. दिवसातून एकदा, सोबतच्या मापानं एक माप. त्याहून जास्त घेऊ नये. रक्तदाबाचं औषध चालू असल्यास डॉक्टरांना विचारावं.

"माप कोठे शे?"

"माप नव्हतं अक्का. घरातला चमचा वापरतात."

अक्कांनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि बरणी त्यावर पालथी केली. पांढऱ्या ढिगातून तळाशी दबलेला प्लास्टिकचा चिमुकला चमचा बाहेर आला. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. दसऱ्यापासून तो तिथेच होता. आप्पा आमटी वाढायचा स्टीलचा चमचा शीग लावून घेत होते.

"आरे भाऊ, हाई काय केळीले खत टाकानं शे का?" अक्कांचा आवाज पुन्हा बसस्टॅंडपर्यंत गेला. मी मान खाली घातली. आम्ही केळीवाले तसेच. एक ओंजळ सांगितली की दोन टाकतो, घड भरतो म्हणून.

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. कोलीन अंगाला लागतंच, ते शेंगदाण्यात असतं, हरभऱ्यात, सोयाबीनमध्ये, फुलकोबीत असतं. "वस्तू वाईट नही शे. ज्याले कमी पडस त्याले डाक्टर देस. पण जादा व्हयनं का पोटमा त्यानं वासवालं रसायन बनस, आनि अंग ते घाममातून बाहेर टाकस. तोच हाऊ वास. रक्तदाबबी उतरस. आप्पा जाळपुढे बसनात आनि चक्कर उनी तर?" एवढं सांगून लगेच बजावलं, "मी डाक्टर नही. आते त्यासले इचारस." भुसावळच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. डॉक्टरांनी पावडर त्याच दिवशी बंद केली, आप्पांना बोलावून रक्तदाब तपासला, रक्त तपासायला पाठवलं. विसरण्याचं कारण त्यात निघालं. बी-ट्वेल्व्ह पार तळाला गेलं होतं. त्याची इंजेक्शनं सुरू झाली. मेंदूच्या चित्राच्या बरणीची आप्पांना मुळात गरजच नव्हती. तपासणी आधी करायची असते, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

पाच-सहा दिवसांत वास गेला. बायकोनं सदरा दोनदा हुंगून पाहिला आणि हुंगता हुंगता रडायला लागली. पण आप्पा घराबाहेर पडेनात. "अंगाचा वास गेला," म्हणाले, "लोकायच्या तोंडातला कोन काढीन?"

तो अक्कांनी काढला. चंपाषष्ठीच्या आदल्या संध्याकाळी देवळात कामं वाटायला सगळं गाव जमलं होतं. अक्का दुकान बंद करून तिथे आल्या. आप्पांना त्यांनीच हाताला धरून आणलं होतं. बरणी, ते इवलं माप आणि आमचा स्टीलचा चमचा त्यांनी ओळीनं फरशीवर मांडले आणि माईक हातात घेतला. माईकची त्यांना गरज नव्हती. पावडरीचं सगळं सांगून झाल्यावर त्या जे बोलल्या ते तीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं.

लग्नाआधी त्या धुळ्याला कोंबडीखाद्याच्या कारखान्यात होत्या. औषधशास्त्राची पदविका घेऊनही दुसरी नोकरी मिळाली नव्हती. तिथे खाद्यात मिसळायला कोलीनची पोती यायची. त्याची धूळ केसांत, कपड्यांत बसायची आणि मासळीसारखा वास यायचा. "बसमा मनाजोडे कोनी बसे नही, मी बसनी का उठी जायेत. दोन वरीस मी उभी राहीसन घर गयी. माले कोनी इचारं नही, बाई, हाऊ वास कसाना शे? इचारं अस्तं तर मी सांगं अस्तं." मग नानांकडे वळल्या. "नाना, आप्पा तुमना दोस्त शेतस. तुम्हीन इचारं का?"

पांडूनाना उठले. आप्पांजवळ आले, त्यांचे दोन्ही हात धरले, आणि सगळ्या गावादेखत ते आपल्या नाकाला लावले. "साबनाचा वास येतो," म्हणाले. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, नानाही हसले, पण त्यांचे डोळे भरले होते. "माह्यं चुकलं आप्पा," ते म्हणाले. "उद्या तुम्ही नाही बसले तर भरीत नाही. देवाले मी सांगतो." त्या रात्री मी माळ्यावरून मुसळी काढली तेव्हा आप्पा खालून टॉर्च धरून उभे होते आणि मला नीट काढता येत नाही म्हणून शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवशी आप्पा बडगीपुढे बसले. रक्तदाब मोजूनच अक्कांनी बसू दिलं. मुसळीचा ठोका देवळाबाहेर ऐकू येत होता. नैवेद्य झाला, पंगत बसली. भरीत वाढायला नेहमी पळी असते. मी पळी घेऊन निघालो तर पांडूनानांनी ताटावर हात आडवा धरला. "पळीनं नको. आप्पाच्या हातानं पाहिजे." शेजारच्यानंही हात आडवा धरला. मग त्याच्या शेजारच्यानं. सगळी पंगत अडून बसली.

आप्पा उठले. मी बडगी उचलून त्यांच्यामागे चाललो, आणि आप्पा वाकून वाकून प्रत्येकाच्या भाकरीवर हातानं भरीत वाढत गेले. शंभराच्या वर पानं होती. कोणाचं नाव आठवलं, कोणाचं नाही, पण एकही पान त्यांनी चुकवलं नाही. मला पुढचं दिसत नव्हतं, कारण मी चक्क रडत होतो, आणि त्याची मला काडीचीही लाज वाटली नाही.

बायकांच्या पंगतीत शेवटच्या पानावर अक्का होत्या. आप्पांनी त्यांना वाढलं आणि हात जोडले. भरीत लागलेले तेच हात. अक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला, घास घेतला, आणि त्यांचा तो गाव गाजवणारा आवाज इतका बारीक झाला की तो फक्त आम्हा दोघांनाच ऐकू आला.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "आज मनाबी वास गया."