आत्तीचा नेम

आमच्या आत्तीला ‘हे तुम्हाला जमायचं नाही’ असं सांगून पुढं सुखानं जगलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. सगळी नोकरी तिनं चंदगडकडच्या एसटीत कंडक्टर म्हणून काढली. निवृत्त झाली आणि थोड्याच दिवसांत तिला अर्धांगाचा हलका झटका आला. पाय सावरला, जिभेला तर काही झालंच नव्हतं. उजवा हात मात्र थरथरत राहिला. डॉक्टर म्हणाले, “आता बारीक कामं विसरा. सुईत दोरा ओवणं वगैरे या हातानं व्हायचं नाही.” आत्ती म्हणाली, “सुई मी तशी बी कधी धरली न्हाय. दुसरं काय जमायचं न्हाय ते सांगा.” डॉक्टरांनी सहज टेबलावरच्या माऊसकडं बोट दाखवलं. तिथंच ते चुकले.

तिचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला, तेव्हा त्याचा कॉम्प्युटर घरीच राहिला होता आणि त्यात बंदुकीचा एक खेळ होता. दोन टोळ्या, अरुंद बोळ, आणि ज्याची गोळी आधी समोरच्याच्या डोक्याला लागेल तो जगला. सुरुवातीला आत्तीनं भिंती मारल्या, आभाळ मारलं, आपल्याच टोळीतले गडी मारले. मग ती हट्टाला पेटली. ‘नेम मनगटात न्हाय, कोपरात असतोय’ हा शोध लागल्यावर तिनं माऊसचा वेग इतका कमी केला, की खेळात मागं वळून बघायचं तर खरा हात टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढावा लागे. त्यासाठी जेवणाचं टेबल जप्त झालं आणि तिचे यजमान ताट मांडीवर घेऊन जेवू लागले. मला ती शिकवायची, “माऊस म्हंजे कोंबडीचं पिल्लू. आवळलंस की मेलं, सोडलंस की पळालं.” शत्रूला शोधत फिरायचं नाही, नेम आधीच डोक्याच्या उंचीवर धरून ठेवायचा, तो आपणहून त्यात येतो, हेही तिचंच. याचा सराव मंगळवार पेठेत भाजी आणताना चाले. प्रत्येक कोपऱ्याला ती लांबून वळसा घेई, नजर डोक्याच्या उंचीवर. एकदा दुधाची किटली घेतलेले एक गृहस्थ अचानक समोर आले आणि आत्ती ओरडली, “गेलास!” त्यांचं निम्मं दूध सांडलं. “काय झालं?” त्यांनी घाबरून विचारलं. “काय न्हाय पावणं, तुमी मेलासा. जावा आता घरला.”

एका रविवारी दुपारी जवळच्या गेमिंगच्या दुकानात एकास एक अशी स्पर्धा होती. मी पिशवी धरायला बरोबर गेलो होतो. दारातला आयोजक म्हणाला, “मावशी, पालकांच्या खुर्च्या तिकडं.” आत्ती म्हणाली, “मी खेळाय आलोय. माझी खुर्ची कुठली?” दुकान हसलं. पहिला गडी कॉलेजातला. हेडफोनवरनं तो म्हणाला, “आजी, भाकरी करपंल की.” “भाकरी थापूनच आलोय. तू डोस्कं सांभाळ.” ते त्याला सांभाळता आलं नाही. खेळ संपल्यावर तो ओशाळून पाया पडायला आला, तर ही म्हणते, “पाया नगं पडूस. कोपर टेबलावर टेकीत जा.”

असे दोघं-तिघं गारद करून ती उपांत्य फेरीत पोचली. समोर इचलकरंजीचा एक तरुण विणकर होता, शिफ्ट संपवून थेट आलेला, अबोल आणि थंड डोक्याचा. दोघं बरोबरीत आले आणि शेवटच्या डावात आत्तीचा हात हलायला लागला. मोठ्या पडद्यावर तिचा नेम नाचताना सगळ्यांना दिसत होता. त्या तरुणानंही ते पाहिलं. खेळात तो आडोशातून बाहेर आला आणि बंदूक खाली करून नुसता उभा राहिला.

आत्तीनं हेडफोन काढून फेकला. “ए, हुबा का ऱ्हायलास?”

“मावशी, थांबतो की जरा. तुमचा हात…”

“हात माझा हाय, त्याचं मी बघतो. तू मार.”

“पर मावशी…”

“मार म्हणतोय न्हवं!”

त्यानं मारलं. आत्ती उठली, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, “हां. असं पायजे.” परत येताना रिक्षात मी चाचरत म्हटलं, “आत्ती, हात हलला नसता तर…” ती म्हणाली, “हरलोय ते मी. हाताला नावं ठेवायची न्हाईत.”

आता तो हात अजिबात ऐकत नाही. आत्तीनं माऊस डावीकडं घेतलाय आणि सगळं मुळापासून शिकायला घेतलंय. परवा गेलो तेव्हा नवशिकी पोरं तिला पटापट टिपत होती. एकदा मेलं की पुढचा डाव सुरू होईपर्यंत नुसतं बसून राहावं लागतं. तेवढ्या वेळात ती डाव्या हातानं उजवा हात मांडीवर घेई आणि त्याची बोटं एकेक करून हलकेच सरळ करी. मला तिथं बघवेना, म्हणून मी उठून खिडकीशी गेलो. डाव सुरू झाल्याचा आवाज आला. तिनं तो हात अलगद बाजूला ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “उजेड अडवू नगंस. सरक.”